रकान्याबाहेरचे दुःख

नागपूर शहराच्या वायव्येस, छिंदवाडा मार्गावर, ज्या चौकाला लोक आजही निःसंकोचपणे पागलखाना चौक म्हणतात त्याच्या जवळ, प्रादेशिक मनोरुग्णालय उभे आहे. आणि शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगतच्या मिहान क्षेत्रात, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एम्स’च्या, नव्या इमारती उभ्या आहेत. पहिल्या संस्थेचा जन्म 1864 सालचा. दुसरीची पहिली विद्यार्थी-तुकडी 2018 साली दाखल झाली आणि तिचे राष्ट्रार्पण 11 डिसेंबर 2022 रोजी झाले. या दीडशे वर्षांत मनुष्याच्या विषादाविषयीची समजूत कशी पालटत गेली, आणि विशेषतः कोवळ्या वयात सोसलेला आघात शरीराच्या रसायनात व मेंदूच्या घडणीत मुरून प्रौढपणीच्या नैराश्याला कारण होऊ शकतो, हे ज्ञान कोणकोणत्या वाटांनी आपल्यापर्यंत येऊन पोहोचले, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती सांगण्याचे प्रयोजन केवळ जिज्ञासेचे नव्हे. विदर्भ आणि मराठवाडा या दोन प्रांतांनी गेल्या सव्वाशे वर्षांत दुष्काळ पाहिले, भूकंप पाहिला, कर्जापायी झालेले मृत्यू पाहिले आणि विस्थापनही पाहिले. प्रत्येक वेळी सरकारी दप्तराने नुकसानीची मोजदाद केली, आणि प्रत्येक वेळी एक नुकसान मोजावयाचे राहून गेले.

भोसल्यांचे राज्य 1853 साली खालसा झाले, 1861 साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर ही त्याची राजधानी ठरली, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत वेड्यांच्या इस्पितळाची सोय करण्यात आली, यावरून नव्या अंमलाला बंदोबस्ताची केवढी निकड वाटत होती ते दिसून येते. कारण 1858 च्या कायद्याखाली उभारलेली ही इस्पितळे रोग बरा करण्यासाठी जितकी होती त्याहून अधिक ती रस्त्यांवर फिरणाऱ्या बेवारस वेड्यांना एका आवारात ठेवण्यासाठी होती. त्या काळच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल मोठे शिस्तशीर असत. रुग्णाचे वय, जात, व्यवसाय आणि वेडाचे कारण यांचे तक्ते त्यांत असत. कारणांचे शारीरिक आणि मानसिक असे दोन वर्ग पाडलेले असत, आणि पहिल्या वर्गात गांजाचे नाव इतक्या सढळपणे लिहिले जाई की, 1893-94 साली नेमलेल्या भांग-गांजाविषयीच्या आयोगाने या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतील कितीतरी विश्वासार्ह नसल्याचा निर्वाळा त्याला द्यावा लागला. रुग्णाला आणून सोडणारा पोलीस शिपाई जे सांगेल ते कारकुनाने रकान्यात भरावे, असा प्रकार पुष्कळदा होता. मानसिक कारणांच्या वर्गात शोक, भय, द्रव्यहानी ही कारणे येत. पण ती सारी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांची. वीस-तीस वर्षांपूर्वी, रुग्ण मूल असताना, त्याच्यावर काय गुदरले होते हे विचारण्याची कल्पनाच त्या तक्त्यांच्या कर्त्यांना शिवलेली नव्हती, आणि याबद्दल त्यांना दोष देणेही उचित नाही, कारण त्या काळी युरोपातही ती फारशी कोणाला शिवलेली नव्हती.

तो प्रश्न विचारण्याजोगी मुले मात्र मध्यप्रांतात हजारोंच्या संख्येने होती. 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ असे आले की 1891 च्या खानेसुमारीपेक्षा 1901 च्या खानेसुमारीत या प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या आईबापांच्या मागे मुले फिरत, आईबाप गेले की तीच मुले अन्नछत्रांत आणि कंगालखान्यांत येऊन पडत. 1896-97 च्या त्या कठीण दिवसांत पंडिता रमाबाई पुण्याहून मध्यप्रांतात आल्या, आणि अशा शेकडो निराधार मुलींना त्यांनी बरोबर नेले. केडगावचे त्यांचे मुक्तिसदन वाढले ते मुख्यत्वे या मुलींमुळे. रमाबाईंना या मुली ओळखता आल्या त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. 1874 च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही सारी काही महिन्यांच्या अंतराने गेली होती, आणि सोळा वर्षांची ही मुलगी आपल्या भावाबरोबर अनवाणी देशभर हिंडली होती. दुष्काळाच्या सरकारी इतिवृत्तांत किती मैल रस्ते झाले, किती मजुरांना किती आणे दिले गेले, किती तगाई वाटली याचा पैपैचा हिशेब आहे. मुलाने आईचे प्रेत ओलांडून अन्नछत्राकडे चालत जावे याने त्याच्या पुढील चाळीस वर्षांवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा उल्लेख मात्र रमाबाईंसारख्या व्यक्तींच्या आठवणींतच शोधावा लागतो.

शास्त्राने या प्रश्नाकडे वळण्यास चाळीस वर्षे घेतली, आणि तेही आडवाटेने. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी मॅक्‌गिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचा तरुण संशोधक एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना ग्रंथींचा अर्क टोचत होता. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण, असा त्रिविध परिणाम त्याला दिसला. पण पुढे त्याच्या ध्यानात आले की अर्काऐवजी दुसरे कोणतेही घातक द्रव्य टोचले, थंडीत ठेवले किंवा अतिश्रम करावयास लावले, तरी परिणाम तोच होतो. संप्रेरकाचा शोध फसला आणि त्याहून मोठी गोष्ट हाती लागली. संकट कोणतेही असो, देह त्याला एकाच ठराविक रीतीने उत्तर देतो, असे सांगणारे त्याचे लहानसे टिपण 1936 च्या जुलैत ‘नेचर’ या नियतकालिकात आले, आणि आज आपल्या खेड्यापाड्यांतून ‘टेन्शन’ म्हणून जे वावरते त्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ तेथून धरला जातो.

ते उत्तर कसे घडते हे पुढील अर्धशतकात उलगडत गेले. भयाची वर्दी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पोहोचली म्हणजे तेथून पीयूषिका ग्रंथीला, आणि पीयूषिकेकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना, रसायनांच्याद्वारे हुकूम जातो. त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढते, पचन, वाढ आणि रोगप्रतिकार ही सावकाशीची कामे तात्पुरती तहकूब होतात, आणि सारे बळ निभावून नेण्याकडे लागते. संकट सरले की हेच कॉर्टिसॉल मेंदूकडे परत जाऊन आता पुरे, असे सांगते आणि स्राव थांबतो. हे जे ‘पुरे’ सांगणे, ते मेंदूच्या ज्या भागांत ऐकले जाते त्यांत हिप्पोकॅम्पस हा प्रमुख आहे, असा शोध 1968 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्‌इवेन आणि त्यांचे सहकारी यांनी लावला. किरणोत्सर्गी खूण केलेले संप्रेरक त्यांनी उंदरांना टोचले, आणि ते मेंदूच्या अन्य भागांपेक्षा हिप्पोकॅम्पसमध्ये अधिक प्रमाणात जाऊन बसलेले आढळले. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा भाग स्मृतीचा. कोठे, केव्हा, काय घडले हे तो जुळवून ठेवतो. म्हणजे ज्या ठिकाणी आठवणी बांधल्या जातात त्याच ठिकाणी भयाचे रसायनही येऊन बसते, आणि ते दीर्घकाळ अतिरिक्त प्रमाणात येत राहिले तर त्या पेशींच्या फांद्या झडू लागतात. असे झाले की ‘पुरे’ हे ऐकणारेच दुबळे होतात, आणि स्राव अधिकच अनिर्बंध होतो. विदर्भात रानडुकरांच्या भयाने रात्री शेतावर जागलीला बसणारा माणूस, एकदा कळप अंगावर आल्यानंतर, पुढे वाऱ्याने पान हलले तरी हाकारे घालतो, पहाटेपर्यंत डोळा लावत नाही आणि दिवसा नांगराच्या मुठीवर पेंगतो. भयभीत बालकाच्या मेंदूची अवस्था वर्षानुवर्षे अशी राहते असे समजावे.

मुलांकडे पाहणारी दुसरी एक परंपरा याच सुमारास वेगळ्या वाटेने चालत होती. रेने स्पिट्झ यांनी 1946 साली आईपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलांतील विषादाचे वर्णन केले; खाणेपिणे आणि स्वच्छता यांत काहीही उणे नसता ही मुले प्रथम रडत, मग रडेनाशी होत, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 साली लिहिलेल्या अहवालात, युद्धाने घरदार हिरावलेल्या मुलांविषयी, अन्नाइतकीच स्थिर मायेची आवश्यकता असते असे प्रतिपादन केले. संप्रेरके मोजणारे आणि मुलांच्या उशाशी बसणारे हे दोन वर्ग बराच काळ एकमेकांशी फारसे बोलत नव्हते. त्यांची गाठ पडण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले, आणि नेमक्या त्याच दशकात महाराष्ट्रावर असा प्रसंग ओढवला की या ज्ञानाची निकड घरोघर भासावी.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून रात्री उशिरा घरी परतलेली गावे गाढ झोपेत असता, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली. भूकंपाची तीव्रता, भूकंपशास्त्राच्या हिशेबाने, अतिप्रचंड म्हणावी अशी नव्हती; अनर्थ केला तो घरांनी. हात-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद, ही त्या मुलखातील संपन्नतेची खूण होती. तीच घरे निजलेल्यांच्या अंगावर कोसळली, आणि घर जितके भारदस्त तितका मृत्यू निश्चित असे झाले. सुमारे आठ हजार माणसे दगावली. ज्यांच्या कुटुंबातील सर्व माणसे गेली आणि एखादे मूल ढिगाऱ्यातून हाती लागले, अशी उदाहरणे गावोगाव होती. आणि ते मूल वाचले म्हणजे काय झाले, तर त्याने काही तास अंधारात, मातीखाली, शेजारच्यांचे आवाज हळूहळू बंद होताना ऐकले होते.

या आपत्तीचे पुनर्वसन हा प्रशासनाच्या इतिहासातील अभिमानाचा अध्याय आहे आणि त्याचे श्रेय कमी करण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. जागतिक बँकेच्या साह्याने योजना आखली गेली, बावन्न गावे संपूर्णतः नव्या जागी वसवावयाचे ठरले, आणि घरांचे वाटप जमीनधारणेच्या प्रमाणात करण्याचा निर्णय झाला : भूमिहीन व अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना साडेचारशे, मोठ्या जमीनदारांना साडेसातशे. पंचनामे झाले, वारसदाखले निघाले, सातबारे तपासले गेले. पण ही सारी मापे पाहिली म्हणजे लक्षात येते की अनाथ झालेला नऊ वर्षांचा मुलगा या दप्तरात मुख्यत्वे वारस म्हणून येतो. तो अज्ञान आहे, त्याचा पालक कोण, त्याच्या हिश्शाची रक्कम कोणत्या खात्यात ठेवावयाची, एवढेच दप्तर विचारते. तो रात्री झोपतो काय, छप्पर असलेल्या खोलीत जावयास तयार होतो काय, बोलतो काय, हे विचारणारा अर्ज नव्हता.

ते विचारणारी माणसे मात्र होती. पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, जी 1991 साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती, तिच्याकडून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला गेला. आपल्या देशात आपत्तीच्या मानसिक परिणामांचा इतक्या पद्धतशीरपणे विचार त्यापूर्वी क्वचितच झाला होता. 1996 साली एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अहवालाने, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिकांत मनोविकाराची लक्षणे आढळल्याचे, आणि त्यांत आघातोत्तर विकृती व नैराश्य ही अग्रभागी असल्याचे नमूद केले. मुलांच्या बाबतीत काम उभे केले ते सामाजिक संस्थांनी. शांतिलाल मुथा यांच्या नेतृत्वाखालील भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला आणली, आणि पुढे वाघोलीच्या शैक्षणिक पुनर्वसन केंद्रात ती वाढली, शिकली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभारून अनाथ मुलांना त्यांच्याच मुलखात, त्यांच्याच बोलीच्या परिघात ठेवले. या दोन पद्धतींपैकी कोणती श्रेष्ठ असा वाद घालण्यापेक्षा दोहोंत समान काय होते ते पाहणे मला अधिक फलदायी वाटते. तेच ते प्रौढ माणूस सकाळी उठवावयास आणि रात्री निजवावयास हजर असणे, जेवणाची वेळ न चुकणे, शाळेची घंटा दररोज होणे, आणि आपल्यासारखीच दुसरी मुले भोवती असणे, हे त्या मुलांना दोन्हीकडे लाभले. संप्रेरकशास्त्राचा एकही ग्रंथ हाती न घेता या कार्यकर्त्यांनी नेमके तेच केले, जे शास्त्र पुढील दशकात प्रयोगांनी सिद्ध करणार होते.

त्या दशकात मेंदूचे आतून दर्शन घडविणारी चुंबकीय प्रतिमांची यंत्रे संशोधकांच्या हाती आली होती. 1996 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे इव्हेट शेलाइन यांनी, नैराश्यातून बऱ्या झालेल्या दहा स्त्रियांच्या मेंदूंची तुलना तितक्याच निरोगी स्त्रियांशी केली आणि पूर्वरुग्णांचा हिप्पोकॅम्पस लहान असल्याचे दाखविले. आयुष्यातील जितके अधिक दिवस विषादात गेले तितका तो अधिक आक्रसलेला होता. 2000 साली क्रिस्टीन हाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बालपणी छळ सोसलेल्या स्त्रियांना अपरिचितांपुढे भाषण करण्यासारखा साधा प्रसंग दिला तरी त्यांच्या शरीरातील संप्रेरकांची उसळी इतरांहून अधिक असते असे नोंदविले. आणि 2002 साली मीना वैथिलिंगम यांच्या गटाने या दोन्ही सूत्रांना एकत्र आणले. नैराश्यग्रस्त बत्तीस स्त्रियांपैकी एकवीस जणींना बालपणी छळ सोसावा लागला होता, अकराजणींना नव्हता. डाव्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान पहिल्या गटात दुसऱ्या गटाहून सरासरी अठरा टक्क्यांनी, आणि निरोगी स्त्रियांहून पंधरा टक्क्यांनी, कमी भरले. रोगाचे नाव एक, लक्षणे सारखी. पण ज्यांचे बालपण होरपळले होते त्यांचा मेंदू वेगळा दिसत होता.

या निष्कर्षांचा आनंदाने उद्घोष करण्याची घाई शास्त्राने केली नाही, हे त्याला भूषणावह आहे. त्याच 2002 साली व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या जुळ्या भावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आघातोत्तर विकृती जडलेल्या सैनिकांचे जे भाऊ युद्धावर गेलेच नव्हते त्यांचाही हिप्पोकॅम्पस लहान आढळला, आणि आघाताने मेंदू लहान होतो की मुळात लहान असलेला मेंदू आघाताला लवकर बळी पडतो, असा पेच उभा राहिला. 2016 साली जगभरच्या सतराशेहून अधिक रुग्णांच्या प्रतिमा एकत्र करून पाहिल्या तेव्हा सरासरी फरक आधी वाटला होता त्याहून पुष्कळच कमी निघाला. मात्र ज्यांना नैराश्य लहान वयात जडले किंवा वारंवार उलटले त्यांच्यात तो ठळक होता. उत्तर बहुधा दोन्हीकडे आहे. मॉन्ट्रियललाच, सेल्येंच्या जुन्या विद्यापीठात, मायकेल मीनी यांच्या गटाने दाखविले की जी उंदीर-माता पिलांना अधिक चाटते, कुरवाळते, तिच्या पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये संप्रेरकाचे ‘पुरे’ ऐकणारे ग्राहक अधिक असतात, आणि पिले दुसऱ्या मातेकडे वाढविली तर जन्मदात्रीपेक्षा वाढविणारीचा ठसा त्यांच्यावर उमटतो. वात्सल्याची नोंद जनुकांच्या वापरावर होते, इतके हे सूक्ष्म आहे.

आपल्या देशातील प्रयोगशाळाही या शोधात मागे नव्हत्या, आणि मराठी वाचकाला त्यांची माहिती फार थोडी आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांचे विद्यार्थी अजय व्यास यांनी उंदरांना दररोज दोन तास, दहा दिवस, हालचाल करता येऊ नये असे ठेवले. हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडल्या, हे अपेक्षितच होते, परंतु भयाचे केंद्र असलेल्या अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागातील पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. त्याहून गंभीर गोष्ट 2004 च्या त्यांच्या पुढील प्रयोगात आढळली. एकवीस दिवस निवांत ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डाला झाली नाही. स्मृतीची हानी भरून येते आणि भीतीची वाढ तशीच राहते, हे वाचताना किल्लारीच्या ज्या मुलांनी पुढे परीक्षा उत्तम दिल्या, संसार थाटले, तरी माळवदाच्या घरात झोपण्यास ती तयार नसतील, त्यांची आठवण कोणाला होणार नाही? मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी आईपासून रोज तीन तास दुरावलेल्या पिलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. तारुण्यात या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्मण्याचे प्रमाण वाढलेलेच दिसले, जणू संकटाने त्यांना तल्लख केले. परंतु मध्यम वयात तेच प्रमाण घटले आणि स्मृतीही मंदावली. ‘लहानपणी सोसलेले मूल कणखर होते’ असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी म्हणतात ते वीस वर्षांच्या तरुणाकडे पाहून. चाळिशीनंतर त्या कणखरपणाचे काय होते याचा हिशेब त्यात नसतो.

विदर्भाला हा हिशेब फार महाग पडलेला आहे. कापसाच्या प्रदेशातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग येथे आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तहसील कचेरीत मात्र मृत्यूची छाननी होऊन तो ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविले जाते. सातबारा नावावर होता काय, कर्ज संस्थेचे होते की सावकाराचे, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहून पात्र ठरलेल्या कुटुंबास एक लक्ष रुपये मिळतात, त्यांतले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. बाप गेला त्या सकाळी जे मूल घरात होते, त्याच्यासाठी पात्रतेचा निकष नाही, आणि बापाचा मृत्यू अपात्र ठरल्यास तर त्या मुलाचे दुःखही, दप्तराच्या लेखी, घडलेच नाही. हे मी कोणा अधिकाऱ्यावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. नियमाने जे विचारले तेच त्यांनी लिहिले. पण नियम विचारीत नाही म्हणून हानी थांबत नाही.

काय करता येते याचे उदाहरणही विदर्भातच घडले. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने स्थानिक सहकाऱ्यांच्या साह्याने ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम 2011 पासून अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांत चालविला. गावातलेच स्त्री-पुरुष प्रशिक्षण घेऊन घरोघर जात, आणि ‘मन लागत नाही’, ‘डोकं भारी झालं’ असे म्हणणाऱ्यांशी बसून बोलत. गरज पडली तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवीत. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत नैराश्याने पीडित असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण प्रारंभी 4.3 टक्के होते, ते अठरा महिन्यांत 27.2 टक्क्यांवर गेले, असे 2017 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे मोजमाप आहे. हे प्रौढांविषयीचे काम होते. परंतु ज्या घरात आईचे नैराश्य ओसरते त्या घरातील मुलाच्या रक्तातील कॉर्टिसॉललाही विसावा मिळण्याची आशा धरता येते. रुमानियातील बुखारेस्ट शहरी 2000 साली सुरू झालेल्या प्रयोगाने तर हे प्रत्यक्ष दाखविले की अनाथालयातील 136 मुलांपैकी जी पालक-कुटुंबांत, विशेषतः वयाच्या पहिल्या दोन वर्षांत, नेली गेली, त्यांच्या मेंदूच्या विद्युत्-लहरी आणि मायेचे बंध इतरांपेक्षा पुष्कळ सुधारले. हानी अटळ नाही. तिला मुदत आहे.

आता मिहानकडे, म्हणजे नागपूरच्या विमानतळ व मालवाहतूक प्रकल्पाकडे, वळू. 1949 साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करू लागली, तेव्हापासून नागपूरचे मध्यवर्ती स्थान हे भांडवल आहे ही कल्पना रुजलेली होती. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन होऊन तिला आकार आला, आणि शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी अशा गावांच्या शिवारांवर संपादनाची रेघ पडली. त्या काळी लागू असलेला 1894 चा भूसंपादन कायदा बाजारभाव, विहीर, झाडे, उभे पीक यांची किंमत करी, आणि 1984 पासून तीवर तीस टक्के ‘दिलासा रक्कम’ देई. जमीन खुशीने नव्हे, सक्तीने घेतली जात आहे याची कायद्याने दिलेली ती एकमेव कबुली. ती मिळे खातेदाराला. मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे कज्जे, मोर्चे, वाढीव दराच्या मागण्या आणि पुनर्वसनाची प्रतीक्षा यांत जी घरे गुंतली, त्यांतली मुले याच काळात पाळण्यातून शाळेत आणि शाळेतून तारुण्यात गेली. विस्थापन म्हणजे भूकंप नव्हे, आणि प्रत्येक अडचण म्हणजे आघात नव्हे. बहुसंख्य मुले, भोवती स्थिर माणसे असली तर, निभावून जातात. पण घरातील अनिश्चितता, बापाची चिडचिड, हातात आलेल्या पैशाबरोबर आलेले व्यसन आणि मोडलेली आळी, यांपैकी काही ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची नोंद निवाड्यात शोधून सापडणार नाही.

2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि बाधित कुटुंबांची गणना सक्तीची केली, पुनर्वसित गावात शाळा, अंगणवाडी आणि मुलांसाठी क्रीडांगण असावे असेही सांगितले, आणि ही मोठी सुधारणा आहे. तिला आणखी एक जोड हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या गणनेत प्रत्येक बाधित घरातील अठरा वर्षांखालील मुलाची स्वतंत्र नोंद व्हावी : शाळा बदलली काय, घरातील कोणी गेले काय, मुलाजवळ रोज असणारे माणूस कोण; आणि स्थलांतरानंतर सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी तीच चौकशी आशा सेविकेकडून किंवा शाळेच्या शिक्षकांकडून पुन्हा व्हावी. याला यंत्रे लागत नाहीत. मिहानच्या एम्समध्ये नैराश्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला डॉक्टरांनी त्याच्या बालपणाविषयी दोन प्रश्न आपणहून विचारावेत, कारण रुग्ण ते स्वतः सांगत नाही. आणि वाचकांपैकी ज्यांच्या हाती सरपंचपद आहे, मुख्याध्यापकपद आहे, पुनर्वसनाच्या समितीत जागा आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत मोबदल्याच्या दराबरोबर हा विषयही कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.